पोस्टाच्या हिशेबात पैसे कमी पडले, तर भरायचे कोणी?

वाघाडीकाठ
सोमवार, रात्री ९:१२

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाखा डाकपाल होते. शाखा डाकपाल हे कागदावर. गावासाठी ते पोस्टमास्तर, आणि जुन्या बाया त्यांना डाकबाबू म्हणायच्या. पोस्ट आमच्याच घरी होतं. ओसरीला लागून एक खोली, तीत टेबल, लोखंडी पेटी, शिक्के आणि लाखेचा वास. मी अक्षरओळख पाटीवर कमी आणि मनीऑर्डरच्या फॉर्मवर जास्त शिकले.

मी चौथीत असतानाची गोष्ट. संध्याकाळी हिशेब लावताना रोकड ३०० रुपयांनी कमी आली. बाबांनी तीनदा मोजली. पावत्या पुन्हा चाळल्या, पेटी उलटी करून पाहिली. आई कंदील धरून उभी. सकाळी थैलीवाला येणार, त्याआधी जुळवणं भागच होतं. शेवटी आईनं ढेपेसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणून दिले. बाबांनी ते पेटीत टाकून हिशेब मिटवला आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी खालच्या वेटाळातली एक आजी पदराची गाठ सोडत आली. "डाकबाबू, पोराच्या मनीऑर्डरीत हे जास्तीचे आले बापा." कोऱ्या करकरीत तीन नोटा, एकमेकींना चिकटून गेलेल्या.

बाबा आजही म्हणतात, चूक माझी होती, भरायचेही मीच होते. ते मला पटतं. पण गेल्या आठवड्यात मी ब्रिटनच्या पोस्टाबद्दल वाचलं आणि झोप उडाली. तिथे ज्यांची चूकच नव्हती त्यांनीही भरले.

थोडक्यात सांगते. तिथली गावागावातली पोस्टं चालवणारे सब-पोस्टमास्तर पोस्टाचे नोकर नसतात, करारावर असतात. बरेचसे स्वतःच्या दुकानातच खिडकी चालवतात. १९९९ पासून त्यांच्या टेबलावर होरायझन नावाची संगणक प्रणाली आली. तिची जबाबदारी फुजित्सू कंपनीची. संध्याकाळी हिशेब करावा तर पडद्यावर तूट दिसायची, प्रत्यक्षात पैसा कुठेच गेलेला नसायचा. पोस्ट म्हणायचं, करारात लिहिलंय, तूट तुम्ही भरा. लोकांनी घरं गहाण टाकून भरली. भरता आली नाही त्यांच्यावर चोरी आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त माणसं दोषी ठरली. त्यांतले बहुतेक खटले पोस्टानं स्वतःच चालवले. तिथल्या कायद्यात त्याला तशी मुभा होती. ज्याचा पैसा गेला म्हणतात तोच तपास करणार आणि तोच आरोप ठेवणार.

मी आता गावात बचत गटाचं काम पाहते. आमच्या एकेचाळीस बायांची आरडी आणि सुकन्या खाती गावातल्याच शाखेत आहेत. म्हणून मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. आपल्याकडे पोस्टात पैशाचा घोळ झाला तर ठेवीदाराला पैसे देणं कायद्यानं कोणावर आहे? आणि खिडकीवर बसलेल्या माणसावर किती? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा, मी प्रत्येक प्रतिसाद बाबांना वाचून दाखवणार आहे.

---

लंडनचा_वऱ्हाडी
सोमवार, रात्री ११:४०

मूळचा अकोटचा, इकडे आता सतरा वर्षं झाली. ताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पैशांची बाजू मी जोडतो, कारण धागा जबाबदारीबद्दल आहे.

अॅलन बेट्स हे वेल्समध्ये पोस्ट चालवायचे. हिशेबातली तूट मान्य करायला त्यांनी नकार दिला, तेव्हा पोस्टानं त्यांचा करार संपवला. त्यांनी माणसं गोळा केली आणि ५५५ जणांनी मिळून पोस्टाविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली, ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची. आकडा मोठा वाटतो, पण दाव्याला पैसा पुरवणाऱ्यांचा वाटा आणि वकिलांचा खर्च वजा जाता त्यातले सुमारे एक कोटी वीस लाख पौंडच उरले. ५५५ जणांत वाटले तर माणशी वीस-बावीस हजार. काहींनी तर त्याहून जास्त रक्कम "तूट" म्हणून भरलेली होती. जिंकूनही हाती काय लागलं, ते पाहा.

मात्र तडजोडीच्या पाठोपाठ त्याच महिन्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांचा निकाल आला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यामुळे हिशेबात तूट दिसू शकत होती. बाकी सगळं त्या निकालावर उभं राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टानं ३९ जणांची शिक्षा रद्द केली. मे २०२४ मध्ये संसदेनं कायदाच करून शेकडो शिक्षा एकदम पुसल्या. कोर्टानं दोषी ठरवलेल्या इतक्या माणसांना कायदा करून निर्दोष ठरवणं, असं इकडे आधी कधी घडलं नव्हतं. आता नुकसानभरपाईचा आकडा १०० कोटी पौंडांच्या पुढे गेला आहे. तो पैसा पोस्टाच्या गल्ल्यातला नाही, सरकारी तिजोरीतला आहे, म्हणजे माझ्याही करातला. त्याची मला तक्रार नाही.

एक बाई २०१० मध्ये गरोदरपणी तुरुंगात गेली. सरकारनं नेमलेल्या सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीव दिला असावा, असं त्यात आहे. दुकान चालवणारे, आपल्या भागातून आलेले खूप लोक यात भरडले गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला पोस्टाचं दुकान आहे, तिथल्या काकांशी मी आता दरवेळी पाच मिनिटं थांबून बोलतो.

---

तूरहरभरा
मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, मले एक सांगा. आमच्या गावात निम्म्या लोकायचे पासबुक पोस्टमास्तरपाशीच राह्यतात. माणूस चांगला हाय, लोकायले इश्वास हाय. बजाराच्या दिवशी रस्त्यात भेटला का लोकं त्याच्या हाती पैसे देतात, "आरडीत टाकून दे जो भाऊ". तो टाकून देते. आजवर कोणाचा एक रुपया बुडाला नाही. पण उद्या काही झालं तर कायदा काय म्हणन? पैसे त रस्त्यात देल्ले होते.

---

वकील_दारव्हा
मंगळवार, दुपारी २:०५

तूरहरभरा, सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्हीच विचारलात. म्हणून आधी तुमचंच उत्तर.

सर्वोच्च न्यायालयाचा ७ फेब्रुवारी २०२२ चा निकाल आहे, प्रदीप कुमार विरुद्ध पोस्टमास्तर जनरल. १९९० च्या दशकात घेतलेली किसान विकास पत्रं होती. ती परस्पर वटवली गेली आणि रक्कम मूळ धारकांपर्यंत पोचलीच नाही. त्यात एक एजंट होती आणि पोस्टाचा माणूसही होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं पोस्टाला जबाबदार धरलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. न्यायालयानं सांगितलं की पोस्टाच्या कर्मचाऱ्यानं कामाच्या ओघात फसवणूक केली तर तिची जबाबदारी पोस्टावर येते. पोस्ट ती रक्कम नंतर त्या कर्मचाऱ्याकडून वसूल करू शकतं, पण तेवढ्यावरून ठेवीदाराला परत पाठवता येत नाही. त्या खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले.

आता "कामाच्या ओघात" या दोन शब्दांवर बोट ठेवा. १९७८ मध्ये स्टेट बँक विरुद्ध श्यामा देवी हा खटला झाला. बाईंच्या नवऱ्यानं ओळखीच्या एका बँक कर्मचाऱ्याकडे पैसे दिले, माझ्या खात्यात भर म्हणून. त्यानं ते खाल्ले. न्यायालय म्हणालं, तो कर्मचारी असला तरी हे पैसे त्यानं बँकेचा माणूस म्हणून घेतले नाहीत, तुमचा मित्र म्हणून घेतले. बँक जबाबदार नाही.

रस्त्यात, पानटपरीवर, लग्नाच्या मांडवात दिलेले पैसे या दोन निकालांच्या मधोमध पडतात. उद्या वाद झालाच तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की तुम्ही पैसे पोस्टाला दिले की गावातल्या ओळखीच्या माणसाला. त्याला उत्तर म्हणजे पावती आणि पासबुकातली शिक्क्यासह नोंद. २०१७ च्या डिसेंबरात दर्पण प्रकल्प आला आणि शाखांना हातातलं यंत्र मिळालं. त्यातून छापील पावती निघते, आणि खात्याला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर मेसेजही येतो. पोस्टमास्तर कितीही देवमाणूस असो, पासबुक घरी ठेवा. त्यात त्याचाही अपमान नाही, उलट उद्या त्याच्यावर बालंट आलं तर तुमची पावतीच त्याला सोडवेल.

टपाल हरवण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८९८ च्या कायद्याचं कलम ६ असं होतं की पत्र हरवलं, उशिरा पोचलं, भलत्याला गेलं किंवा फाटलं, तरी सरकारनं स्वतःहून स्वीकारली असेल तेवढीच जबाबदारी. कर्मचाऱ्यावर केव्हा, तर त्यानं लबाडीनं किंवा मुद्दाम केलं असेल तर. २०२३ च्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यानं तो जुना कायदा गेला. १८ जून २०२४ पासून नवा लागू आहे. पण ही ढाल कलम १० मध्ये कायम ठेवली आहे. स्पीडपोस्ट हरवलं तर भरपाई पोस्टेजच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांत जे कमी असेल ते. मग पाकिटात तुमचं मूळ खरेदीखत का असेना. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी सांगतो, मूळ कागद पोस्टानं पाठवू नका, साक्षांकित प्रत पाठवा.

नव्या कलमात "सेवा" असा मोठा शब्द आहे, त्यामुळे बचतीच्या पैशालाही ती ढाल लागू होते का, असं कोणी विचारेल. माझ्या मते नाही. बचत खाती शासकीय बचत प्रोत्साहन कायदा, १८७३ खाली चालतात आणि ती रक्कम हे केंद्र सरकारनं तुम्हाला देणं असलेलं कर्ज आहे. हे माझं मत आहे, निकाल म्हणून घेऊ नका.

---

पऱ्हाटी
मंगळवार, दुपारी ३:३०

वाचतेय. आजच सासूबाईंचं पासबुक परत आणलं.

---

जुना_ओव्हरसियर
मंगळवार, रात्री ८:१५

मी मेल ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. सायकलवर, नंतर मोपेडवर २२ शाखा फिरायचो. आमचं काम अचानक जाऊन रोकड आणि तिकिटं मोजायची, लोकांच्या घरी जाऊन पासबुकं शाखेच्या नोंदीशी ताडायची.

तुमच्या वडिलांनी स्वतःचे ३०० रुपये भरले, ते मी कितीतरी बीपीएमना, म्हणजे शाखा डाकपालांना, करताना पाहिलं आहे. पाहूनही मान खाली घालून पुढे गेलो आहे. कारण रोकड कमी सापडली तर चोरी आणि चूक यांतला फरक पहिल्या दिवशी कोणालाच दिसत नाही. माणूस लगेच "पुट ऑफ ड्यूटी", म्हणजे कामावरून बाजूला. त्या काळात मानधनाच्या २५ टक्के मिळतात. चौकशी लांबते. गावात तोवर बोभाटा झालेला असतो.

पैसे खाणारेही असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. कॅगच्या अहवालात नोव्हेंबर २००२ ते सप्टेंबर २०२१ या काळात टपाल कर्मचाऱ्यांनी केलेला ९५ कोटी ६२ लाखांचा अपहार नोंदला आहे, आणि त्यातली थोडीच रक्कम वसूल झाली होती. नेहमीची एक पद्धत अशी. पासबुकात हातानं नोंद करायची, शिक्का मारायचा आणि सरकारी हिशेबात रक्कम घ्यायचीच नाही. खातेदार पासबुक पाहून निश्चिंत. म्हणून नुसती हाताची नोंद पाहून थांबू नका, छापील पावती मागा, आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या पोस्टात जाऊन शिल्लक विचारून या.

अपहार उघडकीला आला की "पास्ट वर्क व्हेरिफिकेशन" सुरू होतं. त्या माणसाच्या सगळ्या काळातली पासबुकं गावभर फिरून गोळा करायची, एकेक नोंद ताडायची. मी एकदा उन्हाळ्यात असं केलं आहे. मुख्य दोषीकडून वसुली होईनाशी झाली की "दुय्यम दोषी" शोधतात, म्हणजे ज्यानं तपासणीत कसूर केली तो. त्याच्याही पगारातून कापतात. मला त्यात अन्याय वाटत नाही. मोजायला पाठवलं होतं, मी मोजलं नाही, तर मीही देणेकरी.

ब्रिटनचं वाचून मात्र हात थरथरले. आमच्या काळी निदान पैसा खरोखर कमी असायचा, तो यंत्रातला भास नसायचा.

---

हिशेबी_नागपूर
बुधवार, सकाळी ९:२०

सगळ्यांच्या भावना समजतात, पण पैशाचा प्रश्न आहे तर पूर्ण हिशेब मांडू. २०१८-१९ मध्ये टपाल विभागाची तूट सुमारे १५,००० कोटी होती. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्टं आहेत, त्यांतली बहुतेक खेड्यांत. पत्रं कोण लिहितं आता? बँक मोबाईलमध्ये आली. जी शाखा दिवसाला चार व्यवहार करते तिचा खर्च सगळ्या देशानं किती दिवस उचलायचा? ब्रिटननं रॉयल मेल २०१३ मध्ये बाजारात आणली, २०२५ मध्ये ती चेक उद्योगपतीच्या समूहाकडे गेली. मला पोस्टाबद्दल आकस नाही, माझं शिक्षण मनीऑर्डरवरच झालं. पण हे देणं असंच वाढू देणं मला योग्य वाटत नाही.

---

वाघाडीकाठ
बुधवार, सकाळी ११:०२

हिशेबी, तुम्ही आकडा दिलात ते बरं झालं, पण त्यात काय काय धरलं आहे तेही पाहू या. टपाल विभाग कंपनी नाही, केंद्र सरकारचा विभाग आहे. निवृत्तांचं पेन्शनही त्याच्याच खर्चात दाखवलं जातं. उद्या सगळ्या शाखा बंद केल्या तरी ते पेन्शन द्यावंच लागेल. तो भार माझ्या गावच्या शाखेच्या डोक्यावर टाकून तिला तोट्यात म्हणणं मला पटत नाही.

अमेरिकेत हेच झालं होतं. २००६ च्या कायद्यानं तिथल्या पोस्टाला सांगितलं की पुढच्या कित्येक वर्षांच्या निवृत्तांच्या आरोग्याचा खर्च आत्ताच बाजूला काढून ठेवा, वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर. बाकीच्या बहुतेक सरकारी खात्यांवर असं ओझं नव्हतं. २०१२ पासून पोस्टाला ते हप्ते भरता आले नाहीत, आणि दरवर्षी "पोस्ट बुडालं" असे मथळे. २०२२ मध्ये कायदा बदलून सुमारे ५७ अब्ज डॉलरची ही बाकी पुसून टाकली. पत्रं तेवढीच, पोस्टमन तेच, आणि एका सहीनं तोटा एवढा कमी झाला.

आणि आमची शाखा काय करते ते मी रोज पाहते. निराधारचे पैसे घ्यायला ज्या म्हाताऱ्या येतात त्यांना तालुक्याला जायचं तर जाऊन-येऊन दिवस मोडतो, रोजी बुडते. त्यांच्या अंगठ्याचे ठसे झिजलेले, तीनदा-चारदा लावावे लागतात. पोस्टमास्तरीण बसवून, पाणी देऊन, पुन्हा लावून पाहते.

---

लंडनचा_वऱ्हाडी
बुधवार, दुपारी १२:२०

रॉयल मेलचं नाव निघालं म्हणून एक दुरुस्ती. खिडक्या चालवणारं पोस्ट ऑफिस आणि टपाल वाटणारी रॉयल मेल या २०१२ पासून वेगळ्या संस्था आहेत. होरायझन पहिलीचं. पोस्ट ऑफिस अजून सरकारचंच आहे, विकली ती रॉयल मेल. आणि विकण्याआधी २०१२ मध्ये रॉयल मेलच्या जुन्या पेन्शनचा बोजा सरकारनं स्वतःकडे घेतला. म्हणजे देणं जनतेकडे ठेवलं आणि उरलेली कंपनी विकली. पत्रं वेळेत न पोचवल्याबद्दल इथल्या नियामकानं तिला २०२३ मध्ये ५६ लाख पौंड, २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख आणि २०२५ मध्ये २ कोटी १० लाख पौंड दंड केला. विकून प्रश्न सुटतो असं इथे राहून तरी दिसत नाही.

---

हिशेबी_नागपूर
बुधवार, दुपारी १:४५

पेन्शनचा मुद्दा मान्य. अमेरिकेचं मला ठाऊक नव्हतं. शाखा बंद करण्याबद्दल मी घाईनं लिहिलं.

---

मेळघाट_डाक
बुधवार, रात्री ९:५०

मी ग्रामीण डाक सेवक आहे, धारणी भागात. इथे लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला.

माझ्या गावाला रेंज एका टेकडीवर येते. रेंज गेली की व्यवहार मध्येच लटकतो. झाला की नाही ते लगेच कळत नाही. समोर कोरकू बाई उभी असते, हातात शंभराच्या नोटा. मी तिला सांगते, थांब, पावती निघाल्याशिवाय पैसे पेटीत टाकत नाही. कधीकधी ती दोन तास बसते. मी वेगळी वही ठेवली आहे, त्यात नाव, रक्कम, वेळ आणि रेंज केव्हा आली ते लिहिते, तिचा अंगठा घेते. सरकारी कागद नाही तो, पण मला झोप येते त्या वहीमुळे. ब्रिटनचं वाचल्यावर मी त्या वहीच्या पानांना क्रमांक घालून ती बांधून घेतली.

लोक विचारतात, सरकारी नोकरी लागली म्हणे. काय सांगू? आमच्या नेमणुकीच्या अटीतच आहे की उपजीविकेचं दुसरं साधन हवं. २०१८ च्या मे महिन्यात देशभरच्या डाक सेवकांनी संप केला, तो सोळा दिवस चालला. त्यानंतर कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवरून पगार, म्हणजे ज्याला पगार म्हणायचं नसतं ते, शाखा डाकपालाला चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० झालं, वर महागाई भत्ता. शाखेला जागाही आम्हीच पाहायची. ६५ पूर्ण झाले की थांबायचं.

वकीलसाहेब, आमच्या ग्रॅच्युइटीचं काय? कोणी म्हणतं कोर्टात मिळते, कोणी म्हणतं नाही.

---

वकील_दारव्हा
गुरुवार, सकाळी ७:४०

ताई, तुमच्या वहीला कोर्टात किंमत आहे. रोजच्या कामात, त्या त्या वेळी लिहिलेली नोंद म्हणून ती पुढे ठेवता येते. चालू ठेवा.

ग्रॅच्युइटीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण खरं तेच सांगतो.

१९७७ मध्ये पी. के. राजम्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की खात्याबाहेरचे म्हणवले जाणारे हे डाक कर्मचारी "नागरी पद" धारण करतात. खात्याचं म्हणणं होतं की ते आमचे नाहीतच. निकालामुळे घटनेच्या कलम ३११ चं संरक्षण मिळालं. नीट चौकशी करून बाजू ऐकल्याशिवाय कोणालाही काढता येत नाही. पुट ऑफ झालेला माणूस आज निदान चौकशी मागू शकतो, तो त्या निकालामुळे.

मग २०१९ च्या मार्चमध्ये गुरसेवक सिंग यांचा खटला आला. न्यायमूर्ती उदय लळित आणि इंदू मल्होत्रा. डाक सेवकांनी ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ प्रमाणे रक्कम मागितली होती. न्यायालय म्हणालं, तुम्ही केंद्राखालचं नागरी पद धारण करता आणि तुमच्या ग्रॅच्युइटीचे स्वतंत्र नियम आहेत, म्हणून तो कायदा तुम्हाला लागू नाही. ज्या शब्दानं ४२ वर्षांपूर्वी नोकरी वाचवली, त्याच शब्दानं ग्रॅच्युइटी गेली. कायद्यात कमाल मर्यादा २० लाख; डाक सेवकांच्या नियमात २०१८ नंतर दीड लाख.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गंडिबा बेहेरा खटला. डाक सेवक पुढे खात्यात कायम झाले, पण कायम नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी भरली. डाक सेवक म्हणून केलेली वर्षं पेन्शनसाठी धरता येत नाहीत, असं ठरलं. मात्र अशा लोकांना सवलत देण्याचा सरकारनं विचार करावा, असंही न्यायालयानं म्हटलं.

म्हणजे कायद्याच्या वाटेनं जेवढं जाता येत होतं तेवढं झालं आहे. आता जे व्हायचं ते नियम बदलून, म्हणजे संसदेतून आणि संघटनेतून. मी वकील असून हे सांगतोय.

---

तूरहरभरा
गुरुवार, सकाळी ८:३०

वकीलसाहेब, तुमचं वाचून मी काल रातीच पासबुक घेऊन आलो. पोस्टमास्तरले राग नाही आला. तो म्हणे, "मीच कधीचा सांगून राहिलो होतो, तुम्ही नेतच नव्हते."

माह्या मनात एक गोष्ट हाय ते सांगतो. आमच्या इकडे एक पतसंस्था होती. नाव नाही घेत. माह्या बापानं कापसाचे पैसे तथी ठेवले होते, व्याज पोस्टाहून दोन टक्के जास्त भेटे म्हणून. ते बुडाली. बाप दर सोमवारी तिच्या कुलपासमोर जाऊन बसे. सहा वर्षं गेला. मी त्याले म्हणो, बाबा, उन्हात नको जाऊ. तो म्हणे, कोणी ना कोणी येईन. कोणी नाही आलं. बँकेत पाच लाखापर्यंत विमा असते म्हणतात, पतसंस्थेत तेही नव्हतं. पोस्टाच्या पैशाची हमी सरकारची हाय, हे तेव्हा त्याले कोणी सांगतलं असतं तर बरं झालं असतं.

---

पऱ्हाटी
गुरुवार, सकाळी १०:१०

तूरहरभरा भाऊ, वाचून गलबलून आलं.

---

जुना_ओव्हरसियर
गुरुवार, सायंकाळी ६:००

मेळघाटच्या ताई, पानं बांधलीत ते फार चांगलं केलंत. एक अजून करा. तपासणीला जो येईल त्याला ती वही दाखवा आणि त्याची तारखेसह सही घ्या. पाहिल्याची सही. उद्या कोणी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणू शकणार नाही.

पोस्टाचा आणि आपल्या भागाचा विषय निघाला म्हणून आठवलं. वर्ध्याजवळच्या सेगावचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं त्याचं एक कारण टपाल होतं. गांधीजींची पत्रं सेगावऐवजी शेगावला जायची. आम्हाला प्रशिक्षणात एका जुन्या पोस्टमास्तरांनी हे सांगितलं होतं, पत्ता नीट वाचा हे ठसवायला.

---

वाघाडीकाठ
रविवार, रात्री १०:३०

चार दिवस उत्तर देता आलं नाही. कापूस वेचणी सुरू आहे.

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ग्रॅच्युइटीच्या निकालावर ते काही बोलले नाहीत. ओव्हरसियर काकांचं "मान खाली घालून पुढे गेलो" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्या इंग्लंडातल्या लोकायचं गावात नाव साफ झालं का? पैसे राहू दे. गावातले लोक आता त्यायच्याशी बोलतात का?" लंडनच्या भाऊंनी सांगितलं तर त्यांना कळवीन.

आज सकाळी मारुतीच्या पारावर बचत गटाच्या बाया पासबुकं घेऊन बसलो. आमची पोस्टमास्तरीण, पंचवीस वर्षांची पोर आहे, ती सुट्टी असून स्वतःहून आली. बाबांनी चष्मा लावून एकेक पासबुक आणि पावती ताडली, मी वहीत लिहिलं. ज्यांचा मोबाईल नंबर खात्याला जोडलेला नाही अशा चौदा निघाल्या, त्यांचे फॉर्म भरून घेतले. सात जणींच्या नोंदी बाकी होत्या, कारण पैसे भरताना पासबुक नेलंच नव्हतं. पावत्या मात्र सगळ्यांकडे होत्या, पिठाच्या डब्यात ठेवलेल्या. उद्या शाखा उघडली की त्या भरल्या जातील. एकीनं वारसदाराचं नाव लावलेलं नव्हतं, तेही उद्या.

---

लंडनचा_वऱ्हाडी
सोमवार, पहाटे ४:१५

ताई, काल संध्याकाळी टोकाच्या दुकानातल्या काकांना तुमच्या बाबांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते या प्रकरणात नव्हते, पण त्यांच्या ओळखीचे एक होते. म्हणाले, कायद्यानं शिक्षा पुसल्यावर त्यांच्या गावातल्या काही लोकांनी दारावर फुलं आणून ठेवली. पण जी माणसं तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची, त्यांतली बरीच आता हयात नाहीत. त्यांच्याकडून ऐकायचं राहूनच गेलं.

---

वाघाडीकाठ
सोमवार, सकाळी ७:०५

वाचून दाखवलं. बाबा आंघोळ करून पोस्टात निघाले आहेत, सात नोंदी पुऱ्या होईतो तिथेच बसतो म्हणाले. एकेचाळीसपैकी दोन पासबुकं अजून यायची आहेत. त्या बाया वेचणीला लांबच्या वावरात आहेत, गुरुवारी येतील.